विभाग वेगळे घेतले की वाजतात, एकत्र आले की बिघडतात: शाळेच्या बँडविषयी एक सविस्तर उत्तर

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. माध्यमिक शाळेचा बँड आपल्याकडे येऊन दोन वर्षे झाली आणि त्यात ४२ मुले आहेत. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असा एकेक विभाग वेगळा घेतला की बरा वाजतो, पण सगळे एकत्र बसले की सूर फाटतात, लय पळते आणि आज दुरुस्त केलेली चूक पुढच्या तालमीत त्याच जागी पुन्हा भेटते. कार्यक्रमाला सहा आठवडे उरले आहेत, आठवड्याला ४५ मिनिटांच्या तीन तालमी मिळतात, आणि आधी सूर हाती घ्यावा की लय, असे आपण विचारले आहे.

शाळकरी मुलांचे बँड बसवण्यात माझी चोवीस वर्षे गेली आणि त्यांतली पहिली सहा-सात वर्षे मी याच जागी अडकले होते. त्या अनुभवावरून सांगते की बिघडलेला सूर आणि पळणारी लय ही दोन्ही लक्षणे आहेत, दुखणे वेगळे आहे. विभाग वेगळा वाजतो तेव्हा मुलाच्या आजूबाजूला त्याच्यासारखेच वाद्य आणि बहुधा त्याचीच ओळ वाजवणारे पाच-सात जण असतात, आणि तेवढे ऐकणे त्याला न सांगताही जमते. ४२ जण एकत्र आले की यांतले नेमके काय ऐकायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग तो मान खाली घालून आपला कागद वाजवतो आणि चुका शोधण्याचे काम समोर उभ्या असलेल्या माणसावर सोडून देतो. अशा बँडमध्ये कामावर असलेली कानांची जोडी एकच असते, आणि ती आपली. तेव्हा सूर आधी की लय आधी हे ठरवण्यापेक्षा ऐकण्याचे काम मुलांकडे कसे सोपवायचे याकडे पाहावे, असे माझे मत आहे.

हे सरसकट सगळ्यांना लागू पडत नाही, हेही आधीच कबूल करते. ज्याने सहा महिन्यांपूर्वी वाद्य हातात घेतले त्याला ‘शेजाऱ्याचे ऐक’ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्याचे सगळे लक्ष ओठ, बोटे आणि श्वास यांतच संपलेले असते. म्हणून दोन गोष्टी तपासून पाहा. ६० च्या लयीत (मिनिटाला ६० मात्रा) बारा मात्रांचा एक स्वर हेलकावे न देता धरणे बहुतेकांना जमते का? (ट्युबा या सर्वांत खालच्या सुराच्या पितळी वाद्यावाल्यांना आठ मात्रा पुरे, त्यांचा दम लवकर संपतो.) आणि निवडलेली रचना पाऊण वेगात, न थांबता, शेवटपर्यंत जाते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर मन घट्ट करून रचना बदला. सहापैकी चार आठवडे बोटे बसवण्यात गेले तर ऐकायला वेळ उरत नाही. इतरांवर छाप पडावी म्हणून झेपणार नाही अशी रचना निवडण्याची चूक मी दोनदा केली आहे आणि दोन्ही वेळा त्याची किंमत मुलांनी मोजली. तसेच व्हॉल्व्ह (ट्रम्पेटसारख्या वाद्यांवरच्या दाबायच्या कळा) अडकत असतील किंवा पॅडमधून (क्लॅरिनेटसारख्या वाद्यांची भोके झाकणाऱ्या गाद्यांमधून) हवा गळत असेल तर ती कामे आधी करून घ्या, कारण फुटक्या वाद्यावर कानाला दोष देण्यात अर्थ नाही.

माझे डोळे उघडले ते एका रेकॉर्डिंगमुळे. मुले कुठे चुकतात हे शांतपणे ऐकावे म्हणून मी एक अख्खी तालीम ध्वनिमुद्रित केली आणि घरी घड्याळ लावून ऐकली. ४५ मिनिटांपैकी बँड प्रत्यक्ष वाजला होता १७ मिनिटे. उरलेला सगळा वेळ मी बोलत होते, आणि बोलत काय होते, तर ‘क्लॅरिनेट, चढे आहात’, ‘ट्रम्पेट, हळू’, ‘ड्रम, पळू नका’. मी सांगितले की मुले ते करत होती, यात शंका नाही. पण त्यांनी माझी आज्ञा पाळली होती, आपला सूर चढा आहे हे त्यांना ऐकू आले नव्हते. जे ऐकूच आले नाही ते दुसऱ्या दिवशी लक्षात कसे राहणार? आपली दुरुस्त केलेली चूक पुन्हा भेटते याचे कारण मला तरी हेच वाटते.

तेव्हापासून मी आज्ञांच्या जागी प्रश्न विचारू लागले. एखादा भाग वाजला की थांबून विचारायचे: या आठ बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) मुख्य धून कोणाकडे होती? तुझ्यासारखीच लयीची ठेवण आणखी कोणत्या वाद्यात आहे? तुला फ्लूट ऐकू येत होती का? पहिल्या आठवड्यात उत्तरे येत नाहीत. मुले एकमेकांकडे पाहतात, कोणी तरी हसते आणि आपल्याला वेळ वाया जात असल्यासारखे वाटते. तरी उत्तर स्वतः देऊ नका. तोच भाग पुन्हा वाजवून घ्या आणि पुन्हा विचारा. प्रश्न पुन्हा येणार हे एकदा कळले की दुसऱ्यांदा वाजवताना मुले कान टवकारतात.

एक प्रसंग सांगते. माझ्या बँडमध्ये तिसऱ्या क्लॅरिनेटला, म्हणजे क्लॅरिनेटच्या तिसऱ्या ओळीवर, एक मुलगी होती, जी दोन वर्षांत तालमीत एकदाही आपणहून बोलली नव्हती. एके दिवशी तिने हात वर केला आणि विचारले, ‘मॅडम, मी इथे चार बार हा एकच स्वर धरते. तो कोणासाठी आहे?’ मी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेला कागद, पाहिला. ट्युबा आणि ट्रॉम्बोन षड्ज-पंचम धरून होते आणि त्या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) गांधार सगळ्या बँडमध्ये फक्त तिच्या स्टँडवर होता. मी तिला थांबायला सांगून बाकीच्यांकडून ते चार बार वाजवून घेतले. आवाज मोठा होता, पण आत पोकळ. मग तिला हळूच आत यायला सांगितले. तिचा स्वर आला तशी मागच्या रांगेतली दोन मुले मान वळवून पाहू लागली. पण तो स्वर जरासा चढा होता आणि त्या कॉर्डमध्ये खरखर ऐकू येत होती. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या बारमध्ये तिने जबडा किंचित सैल सोडला, स्वर कणभर खाली आला आणि सगळा कॉर्ड एकदम निवळला. ट्युनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, तिचा काटा तेव्हा मध्याच्या डावीकडे गेला असता, म्हणजे यंत्राच्या हिशेबाने ती बेसूर होती.

सुराच्या बाबतीत सगळी मेख इथे आहे, म्हणून यावर थोडे अधिक लिहिते. ट्युनरचा काटा ज्या समान अंतराच्या सप्तकाप्रमाणे चालतो, त्यातला गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका अर्ध्या स्वरात १०० सेंट धरतात, म्हणजे हा फरक कानाला सहज कळण्याइतका आहे. हार्मोनियमच्या गांधाराबद्दल गायक तक्रार करतात ती याचसाठी. पंचमाचा फरक जेमतेम २ सेंटचा असल्याने तो फारसा बोचत नाही. म्हणजे मुलाने आपला काटा कायम मध्यावर ठेवला तरी तो कॉर्डमध्ये चढा ठरू शकतो. त्यात प्रत्येक वाद्याचा स्वभाव निराळा. फ्लूट जोरात वाजवली की चढते आणि हळू वाजवली की उतरते, तर क्लॅरिनेटचे नेमके उलट होते. त्यामुळे आवाज हळूहळू कमी करत नेण्याच्या जागी या दोन शेजारणी एकमेकींपासून दूर जातात आणि दोघींनाही आपण बरोबर आहोत असेच वाटत असते. ट्रम्पेटवर पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबला की स्वर चढा येतो, तिन्ही दाबले की आणखी चढा, आणि त्या वेळी तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकती नळी) बाहेर सरकवावी लागते. नव्या मुलांना ती स्लाइड हलते हेच पुष्कळदा ठाऊक नसते.

हवामानाचाही यात वाटा असतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की फुंकून वाजवण्याच्या वाद्याचा सूर अंदाजे ३ सेंट चढतो. तालमीच्या थंड खोलीत जुळवलेला बँड रंगमंचाच्या दिव्यांखाली बसला की सगळाच्या सगळा वर सरकतो, ग्लॉकनस्पीलच्या धातूच्या पट्ट्या मात्र जवळजवळ होत्या तिथेच राहतात. म्हणून प्रत्येकाला रांगेत उभे करून ट्युनर दाखवण्यात वीस मिनिटे घालवणे मी सोडून दिले. यंत्राचा उपयोग मी एवढाच करते, की मुलाने आपल्या वाद्यावरचे कोणते स्वर मुळातच चढे किंवा उतरलेले आहेत हे घरी तपासून वहीत लिहून आणावे.

जुळवण्याचे काम मी असे घेते. ट्युबा बी फ्लॅट धरते. तोच स्वर काही वाद्यांच्या कागदावर वेगळ्या नावाने लिहिलेला असतो: क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या कागदावर तो सी असतो, आल्टो सॅक्सोफोनवर जी आणि फ्रेंच हॉर्नवर एफ. हे मुलांना पाठच असले पाहिजे, नाहीतर ‘बी फ्लॅट लावा’ म्हटल्यावर अर्धी मिनिटे कुजबुजीत जातात. ट्युबा चालू असताना बाकीचे आधी तो स्वर तोंडाने गातात आणि मगच वाद्यावर घेतात. या वयात मुले गायला लाजतात, मुलांचे आवाजही फुटलेले असतात, म्हणून ओठ मिटून गुणगुणले तरी चालेल असे मी सांगते. जो स्वर गळ्यातून नीट येतो तो वाद्यावर बहुधा नीट लागतो, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यानंतर दोन-दोन जणांना समोरासमोर उभे करून एकच स्वर धरायला लावते. एकाचा ४४० आणि दुसऱ्याचा ४४२ हर्ट्झ असेल तर सेकंदाला दोन आंदोलने ऐकू येतात. स्वर जवळ येत गेले की ती मंदावतात आणि जुळले की विरून जातात. तानपुरा जुळताना ज्याने लक्ष देऊन ऐकला आहे त्याला हे नव्याने सांगायला नको. ही आंदोलने मुलाने एकदा स्वतःच्या कानांनी मोजली की ‘चढे आहात’ हे आपल्याला म्हणावे लागत नाही.

आता लय. बँड अवघड जागी पळतो हा समज माझ्या अनुभवाशी जुळत नाही. तो सोप्या जागी पळतो, विरामात पळतो आणि आवाज वाढत जाताना पळतो. अवघड जागी सगळे सावध असतात, विरामात मात्र मोजणे सुटते. अशा वेळी आपला पहिला उपाय हात मोठा करण्याचा असतो, पण कागदात डोके घातलेल्या मुलाला मोठा हातही दिसत नाही. मी दुसरा मार्ग घेते. लांब स्वर धरणाऱ्या मुलांना तो स्वर न वाजवता त्याच्या पोटातल्या मात्रा ‘एक-नि-दोन-नि’ अशा पुटपुटायला लावते, तेवढ्यात धूनवाले धून वाजवतात आणि नंतर कामांची अदलाबदल होते. मग बॅटन (लय दाखवण्याची हातातली काडी) स्टँडवर ठेवते, चार मात्रा मोजून देते आणि खोलीच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहते. सोळा बार बँडने एकट्याने वाजवायचे. पहिल्या वेळी तो बहुधा सहाव्या-सातव्या बारला कोसळतो. कोसळू द्या. कुठून फाटायला लागले हे मुलांना विचारले तर ती जागा अचूक दाखवतात, आणि पुढच्या वेळी त्या जागी कोणाच्या आधाराने राहायचे हे आपापसांत ठरवतात.

आपला बँड मैदानावर चालत वाजवत असेल तर मात्र एक नियम बदलतो. २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटरच्या खोलीत त्याचा फरक जाणवत नाही. मैदानावर ड्रम ३४ मीटर मागे असतील तर त्यांचा ठोका पुढच्यांपर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे १२० च्या लयीत मात्रेचा पाचवा हिस्सा. सगळ्यांनी हाताकडे पाहून वाजवले तर प्रेक्षकांना ड्रम मागे पडलेले ऐकू येतात. म्हणून मागच्यांनी हात पाहायचा आणि पुढच्यांनी मागून येणारा आवाज ऐकून त्यात मिसळायचे. हे कारण न सांगता नुसता नियम सांगितला तर मुले गोंधळतात, कारण खोलीत आपण त्यांना वेगळे सांगितलेले असते.

मागच्या भिंतीपाशी उभे राहण्याचा आणखी एक फायदा सांगायचा राहिला. समोरून ऐकताना मला वर्षानुवर्षे वाटत असे की माझ्या ट्युबा कमी पडतात. मागे गेल्यावर कळले की त्या मन लावून वाजत होत्या, पण त्यांच्या शेजारच्या तालवाद्यांमुळे त्यांना स्वतःलाच काही ऐकू येत नव्हते. मी ड्रमची जागा तीन पावले सरकवली आणि अर्धे काम तिथेच झाले. खालचे स्वर भरदार आणि वरचे त्यांच्यावर विसावलेले, अशी बैठक साधली की सूरही सुधारतो, कारण वरच्यांना टेकायला काही तरी मिळते. गुस्ताव्ह होल्स्टने १९०९ मध्ये लष्करी बँडसाठी लिहिलेल्या ई फ्लॅटमधल्या पहिल्या सूटची (अनेक भागांच्या रचनेची) सुरुवात आठ बारच्या धूनने होते, आणि ती ट्युबा आणि युफोनियम (ट्युबासारखेच पण लहान वाद्य) यांच्याकडे दिलेली आहे. नंतर तीच धून बँडभर फिरत राहते. पुरेशा तयारीच्या बँडला ती धून आता कोणाकडे आहे हे शोधायला लावण्यासाठी यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. आपल्या मुलांना ती रचना आज झेपणार नसेल तर त्यांच्या चालू रचनेत हाच शोध घ्या. जाता जाता एक सूचना: सगळे चांगले वाजवणारे पहिल्या ओळीत बसवू नका. तिसऱ्या क्लॅरिनेटला आणि दुसऱ्या ट्रॉम्बोनला एकेक भक्कम मूल द्या. पालक नाराज होतात, मुलेही थोडे दिवस रुसतात, पण मधली फळी उभी राहते.

कानांविषयी इतके लिहिले, तर त्यांच्या प्रकृतीविषयीही दोन वाक्ये लिहिते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सुरक्षित धरला जातो आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला ती एका तासावर येते. लहान खोलीत पूर्ण बँड जोरात वाजला की हा आकडा सहज ओलांडला जातो. सरावात सतत पूर्ण आवाज मागू नका, तालवाद्यांच्या मुलांना कानात घालायचे बोळे द्या आणि आपणही वापरा. मी ते फार उशिरा वापरू लागले.

एका कार्यक्रमात मी स्कोअरची दोन पाने एकदम उलटली. माझा हात एका जागी आणि बँड दुसऱ्या जागी, आणि तो बँड मी पूर्णपणे माझ्या हातावर पोसलेला होता. तीन-चार बार नुसता गलबला झाला, मग मी थांबवून पुन्हा सुरुवात केली. त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका कार्यक्रमात एकट्याने वाजवणारा सॅक्सोफोनचा मुलगा घाबरून दोन बार आधीच आत आला. मी हात उचलून काही खुणावणार, तेवढ्यात बास आणि युफोनियम त्याच्या जागी उडी मारून पोचले होते, त्यांच्यामागून बाकीचे आले आणि मला तेवढे त्यांच्या मागे जावे लागले. दुसरा बँड पहिल्यापेक्षा अधिक तयारीचा नव्हता. त्यातल्या प्रत्येकाला सॅक्सोफोनची धून पाठ होती, एवढाच फरक होता.

आपल्या हातात आता अठरा तालमी आहेत. पहिल्या सहा तालमींत दर वेळी बारा मिनिटे गुणगुणणे, आंदोलने ऐकणे आणि लांब स्वर यांना द्या, आणि उरलेल्या वेळात रचनेतले दोनच तुकडे घेऊन त्यावर प्रश्न विचारा. या दोन आठवड्यांत रचना पुढे सरकत नाही असे वाटेल आणि आपला धीर सुटू लागेल. मधल्या आठ-नऊ तालमींत रचना भरून काढा, पण दर तालमीत एकदा तरी बॅटन खाली ठेवा. शेवटच्या दोन-तीन तालमींत न थांबता सगळे वाजवून घ्या, चूक झाली तरी, कारण चुकीतून बाहेर पडण्याचाही सराव लागतो. फोन मागच्या रांगेत ठेवून रेकॉर्ड करत जा आणि स्वतः किती मिनिटे बोलता तेही मोजा.

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी आलेल्या नाहीत आणि त्यांच्यावर माझे उत्तर थोडे बदलेल. ट्युबा किती आहेत? एकच असेल तर ट्रॉम्बोनमधला एक जण आणि असल्यास बॅरिटोन सॅक्सोफोन तिच्या शेजारी आणावा लागेल. आणि कार्यक्रम सभागृहात आहे की उघड्यावर? उघड्यावर असेल तर शेवटच्या चार तालमी तरी बाहेर घ्या, कारण खोलीच्या भिंती मुलांना जो आवाज परत देतात तो तिथे मिळणार नाही आणि पहिल्या दिवशी त्यांना आपण एकटेच वाजवत आहोत असे वाटेल. हे दोन्ही कळवलेत तर बैठकीचा आराखडा काढून देईन.